फिटिंग शॉपपासून सुरुवात करा: डिझाइनमधला नकळतचा लिंगभेद कसा शिकवायचा

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या फिटिंग शॉपमध्ये, म्हणजे कानस-करवतीने धातूचं हातकाम शिकवतात त्या वर्कशॉपमध्ये जा आणि व्हाइसच्या (धातूचा तुकडा घट्ट पकडणाऱ्या शिकंज्याच्या) जबड्याची जमिनीपासूनची उंची टेपने मोजा. मग बॅचमधल्या प्रत्येकाच्या कोपराची उंची मोजा: वर्कशॉपचे बूट घालून, ताठ उभं राहून, हात काटकोनात वाकवून. फिटर ट्रेडमध्ये शिकवला जाणारा नियम साधा आहे. जबड्याचा वरचा भाग कोपराच्या पातळीला हवा. भारतीय बाईची सरासरी उंची १५२ सेंटीमीटरच्या आसपास आहे, पुरुषाची १६५ च्या. कोपर साधारणपणे एकूण उंचीच्या ०.६३ पटीवर येतं, म्हणजे तिचं ९६ सेंमीवर आणि त्याचं १०४ वर. बुटांचे दोन-तीन सेंमी दोघांनाही मिळवा. व्हाइस ज्यावर बसवतात ते बाक मात्र सगळे एकाच उंचीचे आणि जमिनीत बोल्ट केलेले असतात, आणि तो आकडा दोघांपैकी कोणाच्या जवळ जातो हे टेपच सांगते.

पुढे काय होतं ते कानस चालवणाऱ्या कोणालाही कळेल. कानशीचा पुढचा घाव मनगटाच्या जोरावर मारायचा नसतो. अंगाचं वजन पुढच्या पायावर सरकतं आणि आडव्या, सरळ राहिलेल्या हातातून ते कानशीवर येतं. व्हाइस कोपराच्या वर गेला की हात तिरका होतो, वजन कामाला येत नाही, दाब खांद्यातून आणि मनगटातून द्यावा लागतो आणि कानस हेलकावे खाते. जॉबच्या (घासायच्या तुकड्याच्या) कडा खाली जातात, मध्य उंच राहतो, गुण्या लावला की कडेला उजेड दिसतो. मग जर्नलवर कमी मार्क पडतात आणि शेरा येतो की मुलींचा हात बसत नाही.

उपाय स्वस्त आहे. ५ आणि १० सेंमी उंचीचे लाकडी चौथरे करून घ्यायचे. पाऊल पुढे-मागे ठेवून उभं राहता यावं म्हणून लांबी निदान ९० सेंमी आणि रुंदी ६० सेंमी ठेवायची, खाली रबरी पट्टी, कडेला पिवळा रंग. चौथरा डुलता कामा नये, नाहीतर घाव मारताना माणूसच घसरेल. चौथऱ्याशिवाय आणि चौथऱ्यासह एकाच विद्यार्थिनीकडून ५० मिमीचा सारखाच एमएस (माइल्ड स्टील) प्लेटचा जॉब करून घ्या आणि सपाटपणा फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासा. सरावानेही थोडा फरक पडतोच, म्हणून अर्ध्या मुलींना आधी चौथरा द्या आणि अर्ध्यांना नंतर. बुटक्या मुलांनाही हाच प्रयोग करू द्या. त्यांनाही फायदा होतो आणि चौथरा म्हणजे मुलींना दिलेली सवलत, ही समजूत तिथेच मोडते.

हा विषय शिकवायचा तर मी इथूनच सुरुवात करायला सांगेन, कारण इथे कोणाचं मत विचारावं लागत नाही. आठ मार्चला पाहुणे बोलावून केलेल्या व्याख्यानात मुलं एक तर गप्प बसतात, नाहीतर बचावाच्या पवित्र्यात जातात. १९९८ मध्ये पुढे आलेली मनातले अव्यक्त संबंध मोजणारी चाचणी (इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट) अनेक ठिकाणी वर्गात करून घेतात. तेही मला योग्य वाटत नाही. त्याच माणसाची चाचणी पुन्हा घेतली की गुण बरेच बदलतात, त्यामुळे एकेका विद्यार्थ्यावर शिक्का मारायला ती कामाची नाही. इंजिनिअरच्या हातून लिंगभेद घडतो तो बहुतेक वेळा डीफॉल्ट आकड्यातून: टेबलातली पहिली ओळ, सॉफ्टवेअरमधलं आधीच निवडलेलं मॅनिकिन (माणसाची आकृती), मागच्या मॉडेलवरून उचललेलं माप. तो इंजिनिअरिंगची चूक म्हणून शिकवावा, जशी आपण टॉलरन्सची (मापात चालणाऱ्या फरकाची) चूक शिकवतो.

दुसऱ्या तासाला 'सरासरी माणूस' घ्या. अमेरिकी हवाई दलात गिल्बर्ट डॅनियल्स यांनी १९५० मध्ये ४,०६३ वैमानिकांची मापं तपासली. कॉकपिटसाठी महत्त्वाची दहा मापं घेतली, तर दहाच्या दहा मापांत सरासरीच्या पट्ट्यात बसणारा एकही वैमानिक निघाला नाही. आणि हे सगळे पुरुषच होते, निवडून घेतलेले. यावरून पर्सेंटाइलकडे जाता येतं. पाचवा पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले पाच जण ज्याच्या खाली येतात ते माप. सूत्र असं: सरासरी वजा १.६४५ गुणिले प्रमाण विचलन (मापं सरासरीभोवती किती पसरली आहेत तो आकडा). स्त्रियांची सरासरी १५२ आणि विचलन ६ धरलं तर तो १४२ सेंमी येतो.

गणित सोपं आहे, तरी वर्गात तीन चुका हमखास होतात. पहिली, 'पाचवी स्त्री ते पंचाण्णवावा पुरुष' हे सूत्र पाठ करून सगळीकडे लावायचं. हात पोचायला हवा तिथे लहान माप धरायचं, डोकं किंवा गुडघा आपटू नये तिथे मोठं, आणि खुर्चीसारख्या वस्तूला समायोजन द्यायचं, हा निर्णय प्रत्येक मापाला वेगळा असतो. दुसरी, स्त्री-पुरुषांची टेबलं बेरीज करून दोनाने भागायची. तिसरी सगळ्यात फसवी आहे: पाचव्या पर्सेंटाइलचे पाय आणि पाचव्या पर्सेंटाइलचं धड जोडून पाचव्या पर्सेंटाइलचं माणूस बनवायचं. असं माणूस प्रत्यक्षात पाचव्या पर्सेंटाइलपेक्षाही बुटकं निघतं, कारण पाय आखूड असलेल्या प्रत्येकाचं धडही तितकंच आखूड नसतं.

आकडे कुठून घ्यायचे? बऱ्याच पाठ्यपुस्तकांच्या परिशिष्टात अमेरिकी टेबलं असतात. भारतीय मापांसाठी देबकुमार चक्रवर्ती यांनी केलेलं आणि अहमदाबादच्या एनआयडीने (राष्ट्रीय डिझाइन संस्थेने) १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेलं संकलन आहे. शेतीकामाच्या अवजारांसाठी भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने शेतकरी स्त्री-पुरुषांची मापं आणि ताकदीचे आकडे गोळा केले आहेत. कॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मॅनिकिन उघडल्यावर पहिल्यांदा कोण उभं राहतं, कोणत्या देशाचं, कोणत्या लिंगाचं, कितव्या पर्सेंटाइलचं, हे प्रत्येकाने जर्नलमध्ये लिहावं. दोन मिनिटांचं काम आहे आणि पुढच्या प्रत्येक असाइनमेंटला त्याचा उपयोग होतो.

वर्गातच मापं घ्यायची असतील तर काळजी घ्या. मेकॅनिकलच्या साठ जणांच्या वर्गात सहा मुली असतील तर नावं काढून टाकली तरी आकडा कोणाचा ते सगळ्यांना कळतं. वजन जाहीरपणे करू नका, छाती-कमरेची मापं घेऊ नका, मुलींची मापं मुलींनीच घ्यावीत, आणि नको म्हणणाऱ्याला कारण विचारू नका. शिवाय सहा जणींवरून पाचवा पर्सेंटाइल काढणं संख्याशास्त्राच्या दृष्टीनेही चूक आहे. विचलन ६ सेंमी असेल तर त्या अंदाजाची प्रमाण त्रुटी (तो साधारण किती चुकू शकतो) जवळपास ३.८ सेंमी येते. चाळीस जणींवर ती दीड सेंमीपर्यंत उतरते. कॅन्टीन, ऑफिस, सफाई विभाग, शेजारचं आयटीआय इथल्या बायकांना विचारून, समजावून मापं घ्या. त्यातून वापरणाऱ्यांचं वयही पसरतं, एकोणीस वर्षांच्या मुलींपुरतं राहत नाही. आणि त्या सहा मुलींना 'बायकांना काय वाटतं' हे वर्गासमोर कधीही विचारू नका.

ओटा हे उदाहरण सगळ्यांना कळतं, पण ते नीट हाताळावं लागतं. ८५ सेंमीचा ओटा १५२ सेंमीच्या बाईला चिरायला ठीक आहे, कारण कोपराच्या दहा-बारा सेंमी खाली येतो. मात्र त्यावर १५ सेंमीची शेगडी आणि २० सेंमी उंच पातेलं ठेवलं की पातेल्याची कड १२० वर गेली, आणि तिचा खांदा आहे १२४ च्या आसपास. म्हणजे पिठलं घोटताना हात सतत वर उचललेला. ओट्याची उंची ठरवणाऱ्याने दगडाचं माप घेतलं आणि कामाची जागा पातेल्याच्या कडेला असते हे विसरला. शेगडीखालचा भाग १२ ते १५ सेंमी खाली घेतला की प्रश्न सुटतो, फक्त खाली सिलिंडर रेग्युलेटरसकट मावतो का ते आधी मोजायचं. इथे विद्यार्थी हटकून 'गृहिणींसाठी ओटा' असं शीर्षक देतात. ते खोडायला लावा. स्वयंपाक कोण करणार हे डिझाइनरने ठरवून टाकणं हाही पूर्वग्रहच आहे. वापरणाऱ्याची उंची लिहा, नातं लिहू नका.

ऑटोमोबाइलच्या मुलांना क्रॅश टेस्ट डमी (धडकेच्या चाचणीत गाडीत बसवलेले माणसाच्या आकाराचे पुतळे) आवडतात आणि तिथे सांगण्यासारखं खूप आहे. १९७६ पासून वापरात असलेला हायब्रिड थ्री हा पन्नासाव्या पर्सेंटाइलचा अमेरिकी पुरुष आहे: १७५ सेंमी, सुमारे ७८ किलो. त्याच घराण्यातली स्त्री डमी पाचव्या पर्सेंटाइलची आहे, १५२ सेंमीच्या आसपास, ४९ किलो, आणि ती मुख्यतः पुरुष डमी लहान करून बनवलेली आहे. म्हणजे अमेरिकेने ज्या उंचीला अगदी लहानखुरी बाई म्हणून धरलं, ती आपल्याकडची सरासरी बाई आहे. २०२३ मध्ये भारत एनकॅप (धडक-चाचणीवरून गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारा कार्यक्रम) सुरू झालं तेव्हाच्या नियमावलीत ६४ किमी वेगाच्या समोरच्या धडकेसाठी पुढच्या दोन्ही सीटवर पुरुष डमीच आहेत. सरासरी स्त्रीच्या अंगलोटाची, १६२ सेंमी आणि ६२ किलोची डमी स्वीडनमध्ये अ‍ॅस्ट्रिड लिंडर यांच्या गटाने २०२२ मध्ये पुढे आणली, तीही मागून बसणाऱ्या धक्क्यासाठी.

इथे आकडे सांगताना प्रामाणिक राहायला हवं. २०११ चा अमेरिकी अभ्यास म्हणतो की पट्टा लावलेल्या स्त्री चालकांना गंभीर इजा होण्याची शक्यता ४७ टक्क्यांनी जास्त, २०१९ चा समोरच्या धडकांसाठी ७३ टक्के सांगतो. पण २०२१ मध्ये तिथल्याच विमा कंपन्यांच्या रस्ता सुरक्षा संस्थेने दाखवलं की या फरकातला मोठा वाटा गाडीचा आकार आणि धडकेचा प्रकार यांचा आहे. स्त्रिया लहान गाड्यांत जास्त असतात आणि त्यांच्या गाडीला दुसऱ्याने धडकण्याचं प्रमाण जास्त असतं. सारख्या धडका तुलनेला घेतल्या तर फरक बराच कमी होतो, पण पायाच्या इजांसारख्या बाबतीत उरतो. तिन्ही निष्कर्ष एकत्र शिकवा. फक्त ७३ टक्के सांगून थांबलात तर हुशार विद्यार्थी घरी जाऊन २०२१ चा अभ्यास शोधेल आणि तुमच्या सगळ्या विषयावरच त्याचा विश्वास उडेल.

प्रात्यक्षिक पार्किंगमध्ये करता येतं. इंजिन बंद, किल्ली बाहेर, हँडब्रेक ओढलेला. १५० सेंमीच्या आसपासच्या व्यक्तीने क्लच पूर्ण दाबता येईल इतकी सीट पुढे घ्यायची आणि छातीच्या हाडापासून स्टीअरिंगच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं. एअरबॅगसाठी ते किमान २५ सेंमी असावं अशी अमेरिकी वाहतूक सुरक्षा विभागाची शिफारस आहे. कमी भरलं तर पुढचा प्रश्न विचारा: या मॉडेलच्या कोणत्या व्हेरिएंटमध्ये सीटची उंची बदलता येते, स्टीअरिंग पुढे-मागे होतं का? ब्रोशर उघडून टेबल करायला सांगा. किंमत कमी करताना आधी काय गळतं आणि त्याची झळ कोणाला बसते हे त्यातून दिसतं.

आपल्याकडच्या मोटरसायकलवरचं सारी गार्ड याच तासात घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्यासाठी हँडग्रिप, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी बंधनकारक आहे. कपडा हा डिझाइनचा भार म्हणून नियमात आल्याचं हे चांगलं उदाहरण आहे. मग ओढणी घेऊन दळणाच्या गिरणीच्या पट्ट्याजवळ किंवा मळणी यंत्राजवळ उभ्या असलेल्या बाईचा विचार मुलं आपणहून करायला लागतात.

शेतीच्या अवजारांवर सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं मला वाटतं, कारण महाराष्ट्रातल्या बऱ्याच विद्यार्थ्यांच्या घरी ही अवजारं असतात. पाठीवरचा १६ लिटरचा फवारणी पंप घ्या. नवा, औषध कधीही न भरलेला, फक्त पाण्याने भरायचा. वापरलेला पंप कितीही धुतला तरी वर्गात आणू नका. रिकामा आणि भरलेला दोन्ही वेळा वजन करा. रिकामा पाच किलोचा असेल तर भरल्यावर २१ होतो. ४८ किलोच्या बाईच्या वजनाच्या तो ४४ टक्के, ६२ किलोच्या पुरुषाच्या ३४ टक्के. खांद्याचा पट्टा सगळ्यात आखूड केल्यावर टाकी पाठीला कुठे टेकते ते बघा. कमरेखाली गेली तर चालताना ती आपटत राहते आणि पट्टा खांद्यावरून घसरतो. दांड्याला स्प्रिंग काटा लावून एका दाबाला किती किलो जोर लागतो आणि मिनिटाला किती दाब द्यावे लागतात ते नोंदवा.

यानंतर मुलं हमखास एक उत्तर देतात: बायकांसाठी आठ लिटरचा पंप. ते फळ्यावर लिहा आणि गणित करायला लावा. एकरी दोनशे लिटर पाणी धरलं तर १६ च्या तेरा टाक्या होतात आणि ८ च्या पंचवीस. विहीर किंवा ड्रम बांधापासून शंभर मीटरवर असेल तर भरायच्या खेपा अडीच किलोमीटरवरून पाच किलोमीटरवर गेल्या, आणि औषध कालवण्याच्या, अंगावर शिंतोडे उडण्याच्या वेळाही दुप्पट झाल्या. आकार लहान केला की काम सोपं होतंच असं नाही. कंबरपट्टा लावून भार खांद्यावरून कमरेवर घेता येतो, बॅटरीचा पंप घेतला तर दांडा जातो पण बॅटरीचं वजन येतं, बांधावर टाकी ठेवून लांब नळीने फवारणी करता येते. प्रत्येकाचं टेबल करा.

मग खरा प्रश्न. पंप पाठीवर बहुधा पुरुषाच्या असतो, पण पाणी आणून देणारी, कित्येकदा औषध कालवणारी आणि संध्याकाळी ते कपडे धुणारी बाई असते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावरच्या फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, तेव्हा चर्चा मुख्यतः फवारणाऱ्याच्या मास्कची झाली. विद्यार्थ्यांना औषधाची बाटली दुकानातून येण्यापासून कपडे वाळत पडेपर्यंतची साखळी काढायला सांगा आणि प्रत्येक टप्प्यावर हात कोणाचा ते लिहायला लावा. मापन-झाकण, टाकीचं तोंड, हातमोज्यांचे आकार, कालवायची जागा या गोष्टी तेव्हाच डिझाइनच्या यादीत येतात. 'वापरणारा' एकच धरला की त्या यादीत येतच नाहीत.

सिव्हिलच्या मुलांना स्वच्छतागृह द्या. समान क्षेत्रफळाच्या दोन खोल्या: पुरुषांकडे चार मुताऱ्या आणि दोन शौचकूप, स्त्रियांकडे चार शौचकूप. मध्यंतरात दोन्हीकडे साठ-साठ जण. पुरुषाला सरासरी एक मिनिट आणि स्त्रीला दोन धरली तर पुरुषांची रांग दहा मिनिटांत संपते, स्त्रियांची तीस मिनिटांत. दहा मिनिटांत संपवायची तर बारा शौचकूप लागतात. समान क्षेत्रफळ म्हणजे समान सेवा नव्हे, हे तीन ओळींच्या गणितात सिद्ध होतं. दोन मिनिटं का लागतात हेही मोकळेपणाने बोला: कपडे, दाराची कडी, पाळी, बरोबरचं मूल. आत पिशवी टांगायला हुक आणि पॅडसाठी झाकणाचा डबा नसेल तर वेळ आणखी वाढतो. मुंबईत २०११ मध्ये सुरू झालेल्या राइट टू पी चळवळीने पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, हा मुद्दा मांडला होता. तोही इथे घेता येतो.

कॉम्प्युटरवाल्यांसाठी मुद्दा छोटा आहे. एकूण अचूकता कधीही एकटी छापायची नाही. ९०० पुरुषांवर ९८ टक्के आणि १०० स्त्रियांवर ८० टक्के अचूक असलेलं मॉडेल एकूण ९६.२ टक्के दाखवतं आणि सादरीकरणात टाळ्या मिळवतं. जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. सावळ्या-काळ्या वर्णाच्या स्त्रियांवर चूक ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली, गोऱ्या पुरुषांवर जास्तीत जास्त ०.८ टक्के. मराठी आवाज ओळखणाऱ्या कोणत्याही अ‍ॅपवर हाच प्रयोग करा: तीच वीस वाक्यं, स्त्री-पुरुष आणि वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी बोलणारे असे गट पाडून, प्रत्येक गटाचा शब्दचुकांचा दर वेगळा.

प्रोजेक्ट गटांत कामाची वाटणी कशी होते तेही बघावं लागतं. मुलींकडे ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा छापील अहवाल) आणि पीपीटी, मुलांकडे वर्कशॉप, हे न सांगता घडतं. मग हँडलची जाडी, लिव्हरची लांबी ज्यांच्या हातांवर ठरते ते हात एकाच प्रकारचे असतात. दर दोन आठवड्यांनी भूमिका बदलायच्या, आणि प्रोटोटाइप कोणी हाताळला याची तारखेनिशी नोंद लॉगशीटवर ठेवायची. गाईडने सही करताना ती नोंद बघावी.

मार्क मतांना देऊ नका. टर्मवर्कच्या दहापैकी तीन मार्क वापरणाऱ्यांच्या यादीला, म्हणजे थेट वापरणारा, भरणारा, साफ करणारा, दुरुस्त करणारा. चार मार्क स्वतः मोजलेल्या आकड्यांना, नमुना किती आणि कुठला हे लिहिलं असेल तरच. उरलेले तीन मार्क ड्रॉइंगवर खरोखर बदललेल्या मापाला. नुसता गुलाबी रंग आणि लहान साइज असेल तर या तिनातलं शून्य. व्हायवाला एक्स्टर्नलने (बाहेरच्या परीक्षकाने) 'याचा मशीन डिझाइनशी काय संबंध' असं विचारलं, तर विद्यार्थ्याने रिव्हिजन ए आणि बी, म्हणजे ड्रॉइंगची आधीची आणि बदललेली आवृत्ती, शेजारी ठेवून रिव्हिजन ब्लॉकमधली (बदलांच्या नोंदीच्या चौकटीतली) ओळ वाचून दाखवावी: हँडलचा व्यास ४० वरून ३२ मिमी, कारण चाळीस स्त्रियांच्या मापांतून काढलेल्या पाचव्या पर्सेंटाइलची पकड.